सवलतीचें तिकीट आणि गाडीची पायरी



आपल्या भाषेंत 'अर्धें तिकीट' हा शब्द फार दिवस मुलांसाठीं राखून ठेवलेला होता. वाहक जवळ आला कीं आई मुलाला मांडीवर ओढून घेई, आणि त्याचें वय विचारलें असतां तें सहज एकदोन वर्षांनीं कमी करून सांगे. आज त्याच शब्दाला दुसरा धनी मिळाला आहे. तो आपलें वय कमी करून सांगत नाहीं. उलट, वय पुरेसें झालें आहे याचा पुरावा खिशांत बाळगून असतो. ज्या मनुष्याला वाढदिवसाची कधीं आठवणही राहात नसे, तो आतां पासष्टावें आणि पुढें पंचाहत्तरावें वर्ष बोटांवर मोजूं लागला आहे. हा चमत्कार एस. टी. च्या सवलतीनें घडवून आणिला. वृद्धांना व दिव्यांगांना मिळणारी ही सवलत म्हणजे नेमकें काय, तिचा खर्च कोणी सोसावयाचा, आणि ती हातीं पडल्यावर प्रवास खरोखर सुलभ होतो कीं नाहीं, या तीन प्रश्नांचा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून नगरला पहिली सरकारी मोटारगाडी सुटली. गाडी ठरल्या वेळीं सुटावी, भाडें सर्वांना एकच असावें, आणि जेथें नफा नाहीं अशा आडगांवींही ती जावी, ही या उपक्रमामागची कल्पना. 'बहुजनहिताय, बहुजनसुखाय' हें ब्रीद एस. टी. नें स्वीकारलें तें याच भावनेनें. भाडें मोजण्याची तिची रीत टप्प्यांची आहे. सहा किलोमीटरांचा एक टप्पा, आणि जितके टप्पे तितकें भाडें. २०२५ च्या जानेवारींत हें भाडें १४·९५ टक्क्यांनीं वाढलें. मिळवत्या मनुष्याला ही वाढ चिमट्याएवढी वाटेल. परंतु ज्याची मिळकत थांबली आहे आणि ज्याला महिन्यांतून दोन वेळां तालुक्याच्या दवाखान्यांत जावें लागतें, त्याच्या हिशेबांत ती ठळक दिसते.

या वाढत्या भाड्यांतून वृद्धांना सूट आहे ती अशी. पासष्ट वर्षें पुरीं झालेल्यांना अर्धें भाडें. पंचाहत्तर वर्षें पुरीं झालीं कीं २६ ऑगस्ट २०२२ पासून भाडें मुळींच नाहीं. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवी वर्षांत ही योजना निघाली, म्हणून अशा उतारूंना 'अमृत ज्येष्ठ नागरिक' असें नांव मिळालें. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना वयाची अट न घालतां अर्धें भाडें झालें. चाळीस टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांना साध्या गाडींत भाड्याचा चौथा हिस्साच द्यावा लागतो, आणि अपंगत्व पासष्ट टक्क्यांच्या वर असेल तर सोबत येणाऱ्या साथीदारालाही अर्धें भाडें पुरतें. या शेवटच्या नियमांत मोठें शहाणपण आहे. ज्याला एकट्यानें प्रवास करतां येत नाहीं त्याला एकट्यापुरती सवलत देणें म्हणजे पंगतीचें आमंत्रण देऊन पान न मांडण्यासारखें आहे, हें तो नियम करणारानें ओळखलें.

तथापि नियमांच्या कडेला कांहीं माणसें उभीं राहतातच. २००७ च्या केंद्रीय कायद्यानें साठ वर्षांचा मनुष्य ज्येष्ठ नागरिक ठरतो, एस. टी. च्या गाडींत तो पासष्टाव्या वर्षीं ठरतो. मधलीं पांच वर्षें पुरुष उतारू कायद्यानें म्हातारा आणि तिकिटानें तरुण असतो. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे. सावंतवाडीहून पणजीला जाणाऱ्या आजोबांचें वय बांद्यापर्यंत मोजलें जातें, पलीकडचें भाडें त्यांना भरावें लागतें. कागलपलीकडे बेळगांवच्या वाटेवरही तोच प्रकार. सीमेच्या दोहों बाजूंना सोयरीक असलेल्या घरांना हें विशेष जाणवतें.

सर्वांत नाजूक अडचण आहे ती जन्मतारखेची. आज पंचाहत्तरीच्या घरांत असलेल्या पिढींतील पुष्कळांच्या जन्माची नोंद कोठेंच झाली नव्हती. शाळेंत नांव घालतांना गुरुजींनीं चेहरा पाहून वर्ष ठरविलें, आणि शाळा जूनमध्यें सुरू होते म्हणून तारीख १ जून लिहून टाकली. एस. टी. चा जन्मही १ जूनचाच. त्यामुळें ही गाडी आणि तिचे असंख्य म्हातारे उतारू यांचा वाढदिवस कागदोपत्रीं एकच आहे! विनोद सोडला तर प्रश्न गंभीर आहे. जीं मुलें शाळेंत गेलीं त्यांना खोटी कां होईना, एक तारीख मिळाली. ज्या मुली शाळेची पायरी चढल्याच नाहींत, त्यांचें वय पुढें म्हातारपणीं ओळखपत्र काढतांना कोणींतरी अंदाजानें लिहिलें. तो अंदाज पांच वर्षांनीं चुकला तर पंचाहत्तरी उलटलेल्या आजींना कागदावर सत्तर वर्षांच्या ठरून पांच वर्षें अर्धें भाडें भरावें लागतें. वयाचा दाखला मागणें रास्त आहे. मात्र दाखला चुकला असेल तर तो दुरुस्त करण्याची सोय गांवाजवळ असली पाहिजे, नाहीं तर सवलत लिहितां वाचतां येणारांचीच होऊन बसेल.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. गाडीला डिझेल लागतें, चालक-वाहकांना वेतन द्यावें लागतें. एक उतारू भाडें देत नसेल तर तें कोणीं भरावयाचें? हा प्रश्न आपल्याकडेच उद्भवला असें नाहीं. इंग्लंडांत बर्मिंगहॅम शहराच्या नगरपालिकेनें आपल्या गाड्यांतून सत्तरीपुढील पुरुषांना आणि पासष्टीपुढील स्त्रियांना ठराविक वेळांत मोफत नेण्याचें ठरविलें. प्रेस्कॉट नांवाचा एक करदाता न्यायालयांत गेला. त्याचें म्हणणें असें कीं, नगरपालिका हें दान माझ्या पैशांतून करीत आहे. १९५४ सालीं तेथील अपील न्यायालयानें निकाल त्याच्याच बाजूनें दिला. वृद्धांविषयींची सहानुभूति कितीही योग्य असली तरी कायद्यानें अधिकार दिलेला नसतांना करदात्यांच्या खर्चानें एका वर्गाला देणगी देतां येणार नाहीं, असा त्याचा आशय होता. निकाल कठोर वाटेल. परंतु त्यानें एक उपकार केला. जी गोष्ट दयेच्या पोटीं चालली होती तिला कायद्याचा आधार लागतो हें सर्वांच्या ध्यानांत आलें. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९५५ सालीं, पार्लमेंटानें कायदा करून आधीपासून चालत आलेल्या अशा सवलतींना संरक्षण दिलें. आणि १ एप्रिल २००८ पासून वृद्ध व अपंग मनुष्याला इंग्लंडांतील कोणत्याही गांवच्या बसगाडींतून, सकाळची गर्दीची वेळ सोडून, मोफत प्रवास करतां येऊं लागला. त्या व्यवस्थेचें सूत्र मोठें मार्मिक आहे. सवलतीमुळें गाडीवाल्याचें नुकसान होऊं नये आणि त्याला नफाही होऊं नये. जेवढें खरोखर बुडालें तेवढें सरकारनें भरून द्यावें.

आपल्याकडेही तत्त्व हेंच आहे. सवलतीची रक्कम राज्य शासनानें एस. टी. महामंडळाला द्यावयाची असते. पंचाहत्तरीपुढील उतारूला कांहींच द्यावयाचें नसतें, तरी वाहक त्याला शून्य रुपयांचें तिकीट फाडून देतो. पुष्कळांना हा निव्वळ सोपस्कार वाटतो. वस्तुतः त्या शून्यांतच सगळें मर्म आहे. तें तिकीट म्हणजे शासनावर काढलेली हुंडी होय. त्यावरून हिशेब होतो आणि त्या म्हाताऱ्याचें भाडें सरकारी तिजोरींतून महामंडळाला मिळावयाचें असतें. म्हणून कोणत्याही आजोबांना 'फुकटे' म्हणणें हें असभ्यपणाचें तर आहेच, शिवाय तें हिशेबालाही धरून नाहीं. त्यांचें भाडें दिलें जातें. केवळ देणारा हात वेगळा असतो. आणि त्या तिजोरींत त्यांनीं स्वतःच्या उमेदीच्या काळांत, रोजच्या खरेदींतून, आपला वांटा टाकलेला असतो.

परंतु ही हुंडी वेळेवर वटली पाहिजे. सवलत जाहीर करणें सोपें आहे. तिचे पैसे दर महिन्यास देणें कठीण आहे. ते थकले कीं महामंडळाच्या हातीं गाड्यांच्या दुरुस्तीला पैसा राहात नाहीं, आगारांत गाड्या उभ्या राहतात, फेऱ्या रद्द होतात. मग ज्याच्यासाठीं सवलत काढली तोच म्हातारा थांब्यावर ऊन खात बसतो. भाड्याची सूट एका हातानें देऊन दुसऱ्या हातानें गाडीच काढून घेण्याचा हा प्रकार झाला. ज्याला सवलतीचें श्रेय घ्यावयाचें आहे त्यानें तिचें बिलही नियमानें चुकविलें पाहिजे.

येथें एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. निवृत्तिवेतन घेणाऱ्या सुखवस्तु गृहस्थाला मोफत प्रवास कशासाठीं? सवलत गरिबांनाच द्यावी. आक्षेप वरवर न्याय्य दिसतो. पण गरीब कोण हें ठरवावयाचें म्हणजे उत्पन्नाचा दाखला आला. दाखला आला म्हणजे तहसील कचेरी आली. आणि तेथें जावयाचें म्हणजे पुन्हां गाडीचें भाडें आलें. शिवाय ज्याच्या नांवावर दोन एकर जमीन आहे पण ज्याला मुलांकडे दहा रुपये मागतांना संकोच वाटतो, त्या म्हाताऱ्याला कोणत्या रकान्यांत घालणार? वृद्धांची गरिबी ही पुष्कळदां घराच्या गरिबीहून निराळी असते. घर भरलेलें असतें आणि आजींचा बटवा रिकामा असतो. लेकीकडे जाऊं कां, असें सुनेला विचारावें लागणें आणि सकाळीं पिशवी उचलून आपण होऊन निघणें, यांत जें अंतर आहे तें पैशांनीं मोजतां येत नाहीं. वयाची अट ठेवली तर कोणी आपल्या दैन्याचा दाखला दाखवीत नाहीं, केवळ वय दाखवितो. आणि वय दाखविण्यांत कमीपणा नाहीं.

सवलतीला कृपा समजलें तर काय होतें, याचा धडा रेल्वेनें दिला आहे. रेल्वेंत साठीच्या पुरुषांना चाळीस टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांच्या स्त्रियांना पन्नास टक्के सूट मिळत असे. महामारीच्या प्रारंभीं, २० मार्च २०२० रोजीं, ती थांबविण्यांत आली. वृद्धांनीं घराबाहेर पडूं नये हें त्या वेळचें कारण समजण्यासारखें होतें. पुढें साथ ओसरली, गाड्या पूर्वीसारख्या भरून धांवूं लागल्या. पण ती सूट साथीबरोबर परत आली नाहीं. दिव्यांगांच्या चार वर्गांची, कांहीं रुग्णांची व विद्यार्थ्यांची सवलत तेवढी चालू राहिली. जें एका हुकुमानें मिळतें तें एका हुकुमानें जातें. जें हक्क म्हणून मिळतें तें काढून घेतांना कारण द्यावें लागतें. फरक एवढाच, पण तो लहान नव्हे.

आणि हक्काची भाषा आपल्याकडे नाहीं असें नाहीं. आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमांत वार्धक्य, आजार आणि अपंगत्व यांच्या प्रसंगीं राज्यानें आपल्या आर्थिक ऐपतीप्रमाणें साहाय्य करावें असें सांगितलें आहे. योगायोग असा कीं, दिव्यांगांच्या हक्कांसंबंधींचा जो कायदा २०१६ सालीं झाला त्याचेंही ४१ वें कलमच प्रवासाविषयींचें आहे. त्या कलमांत दिव्यांगांना परवडणाऱ्या खर्चांत हिंडतां-फिरतां यावें यासाठीं शासनानें तीन गोष्टी कराव्या असें म्हटलें आहे: सवलती द्याव्या, वाहनांत फेरफार करावे, आणि प्रत्यक्ष मदतीची व्यवस्था करावी. या तीन गोष्टी एकाच ओळींत आहेत हें मी मुद्दाम आपल्या लक्षांत आणून देतों. कारण त्यांतील पहिली आपण केली, आणि दुसरी व तिसरी पुष्कळशी राहून गेली.

तिसऱ्या प्रश्नाला आपण येऊन पोंचलों. आपली नेहमींची लाल गाडी डोळ्यांसमोर आणा. तिची जमीन उंच सांगाड्यावर असते. पहिली पायरी रस्त्यापासून इतकी वर, कीं धडधाकट मनुष्यालाही दांडा धरून स्वतःला वर ओढावें लागतें. गुडघे धरलेल्या बाईंना ती पायरी म्हणजे गडाचा बुरूज वाटते. शून्य रुपयांचें तिकीट पायरीच्या वरच्या बाजूला आहे, आणि बाई खालच्या बाजूला. चाकांच्या खुर्चींत बसणाऱ्याला तर कोणीं उचलून घेतल्याशिवाय तो दरवाजा बंदच आहे. शहरांसाठीं ज्या खालच्या जमिनीच्या बसगाड्या बनतात त्यांची जमीन रस्त्यापासून ४०० मिलिमीटर, म्हणजे हातभर उंचीच्याही आंत असते, आणि उतरती फळी टाकली कीं खुर्ची सरळ आंत जाते. घाटांत आणि खडबडीत वाटांवर अशी गाडी चालणार नाहीं, हें मान्य. पण उंच गाडीलाही खालीं एक घडीची जादा पायरी बसवितां येते. दोहों बाजूंना हातांत मावेल असा दांडा लावतां येतो. पायरीची कड पिवळ्या रंगानें रंगवितां येते, म्हणजे अधू दृष्टीच्या मनुष्याला ती दिसते. स्थानकांत फलाटाची उंची पायरीला जुळवितां येते, आणि चालकाला गाडी फलाटाला चिकटवून उभी करतां येते. यांपैकीं शेवटच्या गोष्टीला तर पैसाही लागत नाहीं.

अंधांना पायरी अडवीत नाहीं. त्यांना गाडीची पाटी अडविते. कोणती गाडी कोठें जाणार हें त्यांना विचारावें लागतें, आणि उत्तर मिळेपर्यंत गाडी निघून जाते. वाहकानें दारांत उभें राहून गांवाचें नांव दोन वेळां मोठ्यानें पुकारलें तर त्यांचें काम होतें. ही जुनी रीत आहे. नवी यंत्रें येईपर्यंत ती टाकून देण्याचें कारण नव्हतें. बहिऱ्या उतारूला याच्या उलट, ध्वनिक्षेपकावरून झालेला फलाटाचा बदल कळत नाहीं. त्याला तो फळ्यावर लिहिलेला पाहिजे. सुगम्यतेचीं मानकें हीं केवळ शिफारसी असून चालणार नाहीं, तीं बंधनकारक असलीं पाहिजेत, असें सर्वोच्च न्यायालयानें ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं राजीव रतुडी यांच्या खटल्यांत स्पष्ट सांगितलें. हा निकाल दिव्यांगांसाठीं आहे. परंतु त्याचा लाभ सर्वांना मिळणार आहे. खालीं आणलेली पायरी म्हाताऱ्याला उपयोगी, गरोदर स्त्रीला उपयोगी, कडेवर मूल असलेल्या आईला उपयोगी.

मदतीविषयीं बोलतांना केवळ शासनाकडे बोट दाखवून आपल्याला मोकळें होतां येणार नाहीं. दिव्यांगांसाठीं राखून ठेवलेल्या आसनावर बसून खिडकीबाहेर पाहात राहण्याची कला आपण सगळ्यांनीं चांगली साधली आहे. तें आसन वाहकानें भांडून मिळवून द्यावें लागूं नये. वाहकाच्या बाजूनेंही विचार करावा. दाटलेल्या गाडींतून त्याला वाट काढावयाची असते, प्रत्येकाचें ओळखपत्र तपासावयाचें असतें, सवलतींचे निरनिराळे दर लक्षांत ठेवावयाचे असतात, आणि चूक झाली तर तपासणीसाला उत्तर द्यावयाचें असतें. एवढ्या व्यापांत 'बाबा, कार्ड दाखवा' हें वाक्य सौम्य आवाजांत उच्चारणारे वाहक पुष्कळ आहेत, आणि तेच या योजनेचे खरे प्रतिनिधि होत. म्हातारा मनुष्य आसनावर टेकेपर्यंत घंटा न वाजविणें, ही तर सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत मोठी सवलत आहे.

शेवटीं खुद्द गाडीविषयीं. खेड्यांत संध्याकाळीं मुक्कामी गाडी येते, रात्रभर देवळापुढें किंवा चावडीजवळ उभी राहते, आणि पहांटे तालुक्याकडे निघते. त्या गाडीवर गांवाचें दूध, शाळा, कोर्टकचेरी आणि दवाखाना हीं सगळीं अवलंबून असतात. उत्पन्न कमी म्हणून ती फेरी बंद पडली तर तरुण मनुष्य दुचाकीवर बसून निघून जातो; गांवांत अडकतात ते म्हातारे आणि पांगळे. जी गाडी येतच नाहीं तिच्या भाड्यांत शंभर टक्के सूट असून काय उपयोग? म्हणून फेरी बंद करावयाची कीं चालू ठेवावयाची हें ठरवितांना तिच्यांत पैसे देणारे उतारू किती, एवढेंच मोजून चालणार नाहीं. ज्यांना दुसरें साधनच नाहीं असे किती, हेंही मोजलें पाहिजे. शून्य रुपयांच्या तिकिटांचा हिशेब तेथेंही कामास येईल.

सारांश असा, श्रोतेहो. वृद्धांचें व दिव्यांगांचें भाडें कमी केलें हें चांगलें झालें, आणि तें टिकलें पाहिजे. परंतु सवलतीच्या तिकिटाची किंमत त्यावर छापलेल्या आंकड्यांत नसते. गाडी येते कीं नाहीं, तिच्यांत चढतां येतें कीं नाहीं, आणि चढल्यावर कोणी सरकून जागा देतो कीं नाहीं, यांवर ती ठरते. भाड्याचा प्रश्न सरकारी तिजोरीनें सोडवावयाचा आहे, पायरीचा कारखान्यानें, आणि जागेचा आपण. आज जे दांडा धरून उभे आहेत त्यांच्यासाठीं केलेली सोय उद्यां आपल्याच उपयोगी पडणार आहे. कारण पासष्टावा आणि पंचाहत्तरावा टप्पा आयुष्याच्या याच रस्त्यावर आहे, आणि आपली गाडी त्याच दिशेनें चालली आहे.